डॉ. वेस्ट आणि सलाम करणारे बाळ

इंग्लंडच्या आग्नेय भागातील केंट परगण्यात, मेडवे नदीच्या काठी टनब्रिज नावाचे गाव आहे. २६ जानेवारी १८४१ रोजी या गावातील एका डॉक्टरने लंडनच्या ‘लान्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाच्या संपादकांना एक पत्र लिहिले. १३ फेब्रुवारीच्या अंकात ते छापून आले. अर्भकांमध्ये आढळणाऱ्या आकडीच्या एका विलक्षण प्रकाराकडे वैद्यकीय व्यावसायिकांचे लक्ष वेधावे, हा त्या पत्राचा उद्देश होता. पत्रात एकाच रुग्णाची हकीकत सविस्तर दिली होती. हा रुग्ण म्हणजे पत्रलेखकाचा स्वतःचा, वर्षाचाही न झालेला मुलगा होता.

त्या डॉक्टरचे नाव विल्यम जेम्स वेस्ट. आज जगातील कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात बालरोगशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ‘वेस्ट सिंड्रोम’ हा शब्द ठाऊक असतो. हा आजार अर्भकावस्थेतील अपस्माराच्या सर्वांत गंभीर प्रकारांपैकी एक असून, तो आकडीसारखा दिसत नाही हीच त्याची मोठी अडचण आहे. पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी, मेंदूतील विद्युतप्रवाह टिपणारे कोणतेही यंत्र हाताशी नसताना केवळ निरीक्षणाच्या बळावर हा आजार ओळखणाऱ्या माणसाची कथा म्हणूनच जाणून घेण्यासारखी आहे.

गावचा डॉक्टर

वेस्ट यांचा जन्म १७९३ मधला. इंग्लंडमध्ये त्या काळी वैद्यकीय व्यवसायाच्या तीन पायऱ्या असत. विद्यापीठाची पदवी घेतलेले फिजिशियन सर्वांत वर, त्यांच्या खालोखाल शल्यचिकित्सक आणि सर्वांत खाली औषधे तयार करून देणारे अपोथेकरी. १८१५ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून अपोथेकरींसाठी परीक्षा आणि परवाना सक्तीचा केला. शस्त्रक्रिया आणि औषधयोजना या दोन्ही बाजू सांभाळणारा एक नवा वर्ग त्यातून उभा राहिला. आजच्या भाषेत त्यांना कुटुंबाचे डॉक्टर म्हणता येईल. वेस्ट हे याच वर्गातले. प्रसूती, हाडमोड, ताप, गोवर अशा सर्व प्रसंगी गावकऱ्यांनी हाक मारावी आणि त्यांनी धावून जावे, असा हा व्यवसाय होता.

तथापि वेस्ट केवळ नेहमीच्या सरावात रमणारे नव्हते. स्त्रियांच्या बीजांडकोशातील मोठ्या गाठी पोट उघडून काढाव्यात की नाही, यावर इंग्लंडमधील नामवंत शल्यचिकित्सकांत तेव्हा तीव्र मतभेद होते. भूल देण्याची सोय नव्हती, कारण ईथरचा वापर १८४६ नंतरचा. जंतुसंसर्गाचे कारणही कोणाला ठाऊक नव्हते. अशा परिस्थितीत पोटाला लहानसा छेद घेऊन, गाठीतील द्रव आधी काढून टाकून मग ती बाहेर ओढून घेण्याची पद्धत काही ग्रामीण डॉक्टरांनी अवलंबिली. वेस्ट हे त्यांपैकी एक होते आणि १८३७ मध्ये त्यांचे या विषयावरील अनुभव प्रसिद्ध झाले. आपल्या हातून जे घडले ते इतरांसमोर मांडायचे, ही त्यांची सवय पुत्राच्या आजारपणापूर्वीचीच होती, हे यावरून दिसते.

एक किरकोळ खोड

१८४० मध्ये वेस्ट यांच्या घरी मुलगा जन्माला आला. त्याचे नाव जेम्स एडविन. पहिले चार महिने बाळ सुदृढ होते. त्यानंतर त्याच्या डोक्याची एक हालचाल वडिलांच्या नजरेस आली. मधूनच बाळ मान पुढे झुकवी आणि लगेच सावरून घेई. प्रथम त्यांनाही ती बाळाची एखादी खोडच वाटली. लहान मुले नाना प्रकारच्या हालचाली करतात आणि मोठ्यांना त्यांचे कौतुकही वाटते. चिंता करावी असे त्यात काही दिसत नव्हते.

पण ही खोड थांबली नाही. हालचालींची संख्या वाढत गेली आणि त्यांचा जोरही वाढला. आता डोके जवळजवळ गुडघ्यांपर्यंत झुके, पुढच्याच क्षणी शरीर सैल पडून सरळ होई आणि काही सेकंदांनी पुन्हा तेच. एकेका वेळी दहा ते वीस आणि कधी त्याहूनही अधिक वेळा हे घडे. दोन-तीन मिनिटांत सारे संपे. दिवसातून असे दोन, तीन किंवा अधिक झटके येत. बाळ बसलेले असो वा निजलेले, त्याने फरक पडत नसे.

वेस्ट यांनी हे सारे टिपून ठेवले. झटका येण्यापूर्वी बाळ खूप हालचाल करते, चमत्कारिक आवाज काढते आणि मग एकाएकी डोके खाली व गुडघे वर येतात, हेही त्यांनी नोंदविले. मात्र त्यांच्या नोंदींतील सर्वांत मोलाचा भाग झटक्यांबद्दलचा नाही. दोन झटक्यांच्या मधल्या काळात बाळ कसे असते, याकडे त्यांचे बारीक लक्ष होते. अंगाने मूल चांगले वाढत होते. त्याला दिसत होते, ऐकू येत होते. परंतु ते हसत नव्हते. भोवताली काय चालले आहे याकडे त्याचे लक्ष नसे. वयाच्या मानाने हातपाय हलविण्याची शक्ती नव्हती, ताठ बसता येत नव्हते, आधार दिला नाही तर मान कोसळत असे. ज्या वयात मूल दिवसागणिक नवे काही शिकते, त्या वयात त्यांच्या मुलाच्या मनाची वाढ खुंटली होती.

हे लिहिताना त्या पित्याच्या मनाची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. पण त्यांच्या वर्णनात आत्मवंचना नाही. बाळ सुधारत असल्याचा आभास त्यांनी स्वतःला होऊ दिला नाही आणि वाचकांनाही करून दिला नाही.

उपाय थकले

उपचारांच्या बाबतीत वेस्ट आपल्या काळाच्या बाहेर नव्हते. मज्जासंस्थेचा क्षोभ आणि दात येण्याचा त्रास यांमुळे अर्भकांना आकडी येते, असे त्या काळी सर्वमान्य मत होते. त्यानुसार त्यांनी बाळाच्या हिरड्यांना छेद दिले. डोक्याला जळवा लावल्या, थंड पट्ट्या ठेवल्या. पाऱ्यापासून बनविलेले कॅलोमेल हे रेचक दिले. गरम पाण्यात बसविले, आकडीवरची नेहमीची औषधे दिली, अफूचाही प्रयोग केला. यांतील एकाही उपायाचा गुण आला नाही. आज आपण जाणतो की, यांपैकी काही उपाय अशक्त बाळाला अपायकारकच होते. वेस्ट यांना ते कळणे शक्य नव्हते. मात्र कोणता उपाय केला आणि तो निष्फळ ठरला, हे त्यांनी प्रामाणिकपणे छापून आणले.

अखेर त्यांनी लंडनमधील दोन मान्यवर डॉक्टरांचा सल्ला घेतला. एक सर चार्ल्स क्लार्क आणि दुसरे डॉ. चार्ल्स लोकॉक. दोघेही प्रसूतिशास्त्रातील अग्रगण्य नावे. लोकॉक यांची तर राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणासाठी नेमणूक झाली होती आणि वेस्ट यांनी पत्र लिहिले त्याच्या दोनच महिने आधी, नोव्हेंबर १८४० मध्ये राणीच्या पहिल्या कन्येचा जन्म त्यांच्या देखरेखीखाली झाला होता. या दोघांच्याही दीर्घ अनुभवात अशी मोजकीच मुले आली होती. बाळाचे वारंवार लवणे पाहून क्लार्क यांनी या विकाराला ‘सलाम’ आकडी असे नाव दिले. हिंदुस्थानातून इंग्रजी भाषेत गेलेला हा शब्द अशा रीतीने एका आजाराला चिकटला. कमरेतून लवून केलेला मुजरा पाहिलेल्या मराठी वाचकाला या एका शब्दावरून ती हालचाल डोळ्यांपुढे उभी राहील.

याच सुमारास वेस्ट यांच्या कानावर अशाच आणखी दोन रुग्णांची हकीकत आली. एक सतरा आणि दुसरा एकोणीस वर्षे जगला होता, मात्र बुद्धीची वाढ दोघांचीही झाली नव्हती. आपल्या मुलाच्या वाट्याला काय येऊ शकते, हे वेस्ट यांना त्यातून उमगले. त्यानंतर त्यांनी ‘लान्सेट’ला पत्र लिहिले. कोणा व्यवसायबंधूला अशा रुग्णाचा अनुभव असल्यास त्याने तो सांगावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. घरातील मतिमंद मूल लोकांच्या दृष्टीआड ठेवण्याचा तो काळ. त्या काळात एका प्रतिष्ठित डॉक्टरने आपल्या मुलाची अवस्था स्वतःच्या नावानिशी देशभरच्या डॉक्टरांसमोर मांडली, ही गोष्ट साधी नव्हती.

हवे होते ते उत्तर वेस्ट यांना मिळाले नाही. १८४८ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी विल्यम न्यूनहॅम या इंग्लिश डॉक्टरने याच विकारावर लेख लिहिला आणि हळूहळू इतरत्रही असे रुग्ण नोंदविले जाऊ लागले. जेम्स एडविन याला पुढे बौद्धिकदृष्ट्या अपंग मुलांसाठी चालविल्या जाणाऱ्या संस्थेत राहावे लागले. १८६० मध्ये, जेमतेम विसाव्या वर्षी तो मृत्यू पावला.

या कथेत एक चुटपूट लावणारा योगायोग आहे. वेस्ट यांनी ज्यांचा सल्ला घेतला होता, त्याच लोकॉक यांनी १८५७ मध्ये लंडनच्या वैद्यकीय सभेत पोटॅशियम ब्रोमाइड हे द्रव्य काही स्त्री-रुग्णांच्या अपस्मारावर गुणकारी ठरल्याचे सांगितले. अपस्मारावरचे पहिले परिणामकारक औषध म्हणून ब्रोमाइडची नोंद इतिहासात झाली. या विशिष्ट विकाराला ते कितपत लागू पडले असते, हा प्रश्न वेगळा. पण तोवर वेस्ट यांच्या मृत्यूला नऊ वर्षे उलटून गेली होती.

शतकानंतरची ओळख

वेस्ट यांनी जे पाहिले त्याचा अर्थ लागायला आणखी शंभर वर्षे जावी लागली. ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्लिश मेंदूविकारतज्ज्ञाने १८७० च्या दशकात अपस्मार म्हणजे मेंदूच्या करड्या भागात एकाएकी होणारे अतिरेकी विसर्जन होय, अशी मांडणी केली. हान्स बर्गर या जर्मन शास्त्रज्ञाने माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख काढून १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. हाच आजचा ई.ई.जी. १९५२ मध्ये अमेरिकेतील गिब्ज दांपत्याने अशा बाळांच्या आलेखातील एका खास चित्राला ‘हिप्सॅरिदमिया’ असे नाव दिले. या आलेखात उंच लहरींचा नुसता गोंधळ असतो, कोणतीही लय सापडत नाही. मेंदू सतत अशा गोंधळात असेल तर बाळ शिकणार कसे? वेस्ट यांनी टिपलेल्या, हसणे थांबलेल्या बाळाचे कोडे येथे बऱ्याच अंशी उलगडते.

१९५८ मध्ये बेल्जियममधील सोरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ए.सी.टी.एच. हे संप्रेरक या विकारावर गुणकारी असल्याचे दाखविले. १९६० च्या दशकात फ्रान्समधील मार्से येथील तज्ज्ञांच्या पुढाकाराने ‘वेस्ट सिंड्रोम’ हे नाव रूढ झाले. अर्भकाचे झटके, आलेखातील हा गोंधळ आणि विकासाला बसलेली खीळ, ही त्याची तीन लक्षणे. यांतील दोन वेस्ट यांनी १८४१ मध्येच सांगितली होती. तिसऱ्यासाठी लागणारे यंत्र तेव्हा अस्तित्वातच नव्हते. तिन्ही लक्षणे प्रत्येक बाळात एकत्र दिसतीलच असे नसल्याने, आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने २०२२ मध्ये अधिक व्यापक नाव स्वीकारले आणि निदान त्यामुळे लांबू नये याची सोय केली.

आजही चकवणारा आजार

हा आजार बहुधा तीन ते बारा महिन्यांच्या वयात सुरू होतो. दर दहा हजार जन्मांमागे साधारण दोन ते पाच बाळांना तो होतो. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडणे, जन्मल्यानंतर रक्तातील साखर फार उतरणे, मेंदूच्या रचनेतील दोष, जनुकीय बिघाड अशी अनेक कारणे त्यामागे असतात. ट्यूबरस स्क्लेरोसिस हे त्यांपैकी एक महत्त्वाचे कारण असून, अशा बाळाच्या अंगावर पानाच्या आकाराचे फिकट पांढरे डाग दिसू शकतात. भारतात प्रसूतीच्या वेळच्या आणि त्यानंतर लगेचच्या मेंदूच्या इजेचे प्रमाण यात मोठे आहे.

निदानाला उशीर होतो तो आजारही वेस्ट यांच्या काळाइतकाच जुना आहे. आकडी म्हटले की जमिनीवर कोसळलेला, हातपाय झाडणारा, तोंडाला फेस आलेला माणूस आपल्यासमोर उभा राहतो. बाळाचे क्षणभर वाकणे त्या चित्रात बसत नाही. एक झटका एक-दोन सेकंदांचाच असतो. कधी बाळ पुढे वाकते, कधी हात दोन्ही बाजूंना फेकते, कधी नुसती मान डुलते, खांदे उडतात किंवा डोळे वर फिरतात. झटक्यानंतर बाळ रडले तर पोटात कळ आली असावी असे वाटते. मग ग्राइप वॉटर दिले जाते, दृष्ट काढली जाते, बाळ दचकते म्हणून दुर्लक्ष केले जाते. डॉक्टरांकडे नेले तरी तिथे नेमका झटका येत नाही आणि पोटदुखी किंवा दूध वर येण्यावरचे औषध लिहून दिले जाते. आपल्या देशात निदान होईपर्यंत कित्येक आठवडे, अनेकदा महिने निघून जातात.

हा उशीर महागात पडतो. उपचार जितक्या लवकर सुरू होतील, तितकी बाळाच्या पुढील विकासाची शक्यता चांगली, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. ए.सी.टी.एच. किंवा प्रेडनिसोलोन यांसारखी संप्रेरके आणि व्हिगाबॅट्रिन ही आजची प्रमुख औषधे होत. ए.सी.टी.एच.ची इंजेक्शने महाग आहेत. प्रेडनिसोलोन मात्र स्वस्त आणि तोंडाने देता येण्याजोगे आहे, ही आपल्यासारख्या देशाच्या दृष्टीने दिलाशाची बाब. संप्रेरकांमुळे रक्तदाब वाढणे व जंतुसंसर्ग, तर व्हिगाबॅट्रिनमुळे दृष्टीची कड आक्रसणे, असे धोके संभवतात. म्हणून ही औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावी लागतात. मूळ कारण गंभीर असेल तर झटके थांबूनही विकास मागे राहू शकतो. सर्वच मुले बरी होतात असे नाही, पण वेस्ट यांच्या मुलापेक्षा आजच्या बाळाला मिळणारी संधी कितीतरी मोठी आहे.

आईवडिलांनी लक्षात ठेवावी अशी खूण एकच आहे. तीच ती हालचाल काही सेकंदांच्या अंतराने ओळीने, विशेषतः झोपेतून जागे होताना, पुन्हा पुन्हा होत असेल तर ती खोड समजू नये. दचकणे सहसा आवाजाने किंवा धक्क्याने होते आणि तेवढ्यावर थांबते. ही हालचाल कारणावाचून मालिकेने येते. त्यातच बाळाचे हसणे, नजर देणे, मान धरणे कमी झाले असेल तर एक दिवसही दवडू नये. हालचालीचे चित्रण मोबाइलवर करून बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. वेस्ट यांनी शब्दांत जे करून ठेवले, ते आज कोणत्याही आईला अर्ध्या मिनिटात करता येते. झोपेतील आणि जागेपणीचा ई.ई.जी. निदानाला पुढे दिशा देतो.

मोठ्या मुलांमध्येही अपस्मार असाच वेश पालटून येतो. वर्गात दिवसातून अनेकदा काही सेकंद शून्यात पाहणारे मूल बेलक्षी ठरवले जाते. रात्री झोपेत एकाएकी उलट्या होऊन डोळे एका बाजूला वळणाऱ्या मुलावर अपचनाचा उपचार होतो. कारण नसताना, आनंद नसताना पुन्हा पुन्हा हसू येणे, हेही क्वचित मेंदूतील एका गाठीमुळे येणारा झटका असू शकते. या साऱ्यांत समान गोष्ट एवढीच की, प्रसंग प्रत्येक वेळी जवळजवळ सारखाच घडतो आणि तो मुलाच्या इच्छेवर अवलंबून नसतो.

विल्यम वेस्ट यांना स्वतःच्या मुलाला वाचविता आले नाही, त्याचा आजारही बरा करता आला नाही. पण ज्या हालचालीला त्यांनी आधी खोड मानले, तिच्याकडे पुन्हा पाहण्याची आणि आपली चूक सुधारण्याची तयारी त्यांनी दाखविली. त्यानंतर जे दिसले ते त्यांनी लिहून ठेवले. त्या एका पत्रामुळे आज असंख्य बाळांचा आजार वेळेत ओळखता येतो. आपल्या घरातील, शेजारातील एखादे बाळ असे वारंवार ‘सलाम’ करताना दिसले, तर टनब्रिजच्या त्या डॉक्टरची आठवण ठेवून त्याला तातडीने तज्ज्ञांकडे न्यावे.